डबा कुणी धुवायचा

सुगतच्या नंबरवरून फोन आला की मी मराठीत बोलायचो नाही. त्या सकाळीही मोबाइलवर त्याचं नाव दिसलं, गालावरचा दाढीचा फेस पुसत मी फोन उचलला आणि नेहमीच्या नाटकी आवाजात जपानीत सुरू झालो, "मोशी मोशी, कांबळे-सान, आज एवढ्या सकाळी गरिबाची आठवण?" पलीकडून काहीच नाही. मला वाटलं, गडी मला मराठीत घसरवायला मुद्दाम गप्प बसलाय; ती त्याची जुनी खोड. म्हणून मी आणखी दोन वाक्यं ठोकून दिली आणि वर हसलो. मग सुजातावहिनींचा आवाज आला, "भावजी, मी हाय... ह्ये गेलं."

जिवाभावाचा माणूस गेल्याची बातमी आली आणि मी तिला परक्या भाषेत विनोद करून उत्तर दिलं. आयुष्यात मी केलेल्या घोडचुकांची यादी लांबलचक आहे, त्यात ही सर्वांत शेवटची नसणार हेही मला माहीत आहे. आता सहा आठवडे झाले. घरात बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो, चपला घालतो, कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालत जातो, तिथंही थांबवत नाही म्हणून परत येतो. बायको विचारते, "कुठं गेलतासा?" मी म्हणतो, "कुठं न्हाई." आणि चपला न काढता तसाच उंबऱ्यात उभा राहतो, परत जायचं असल्यासारखा.

आमची ओळख शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतली. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरत आलं होतं. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून पंपाचे भाग बाहेर काढायचे, असं ते काम. मी डिप्लोमा केलेला सुपरवायझर, म्हणजे खिशाला दोन पेनं आणि तोंडात हुकूम. सुगत आयटीआय झालेला मोल्डर, म्हणजे ज्याला खरोखर काम येतं तो. मालकांनी जपानहून साचे बनवायचं मशीन मागवलं आणि मशीनच्या पाठोपाठ ते चालवायला शिकवणारा माणूस आला, कितागावा-सान. साठीकडे झुकलेले, बुटके, पांढरे हातमोजे घालून काळ्या वाळूत हात घालणारे. त्यांच्याबरोबर पुण्याहून एक दुभाषा आला होता, तो तिसऱ्या आठवड्यात पळाला. आमची माणसं साधं बोलत असली तरी त्याला भांडणंच वाटायची. दिवसभर भांडणांचं भाषांतर करून बिचारा थकला. मग मालकांनी आम्हा दोघांना साहेबांच्या पदरात टाकलं. साहेबांना इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला येतं असा आमचा नुसता समज होता. पुस्तक नाही, फळा नाही. साहेब मुठीत वाळू दाबून एक शब्द म्हणायचे, आम्ही वाळू दाबून तोच शब्द म्हणायचा. भट्टीच्या फार जवळ गेलं की "अबुनाई!", म्हणजे सांभाळ, भाजशील. साचा बिघडला की "दामे", म्हणजे चालणार नाही. आणि दिवसातून शंभर वेळा "मो इक्काई", म्हणजे पुन्हा एकदा. सहा महिन्यांत मी झोपेतही "मो इक्काई" म्हणायला लागलो.

पण मूळ गोष्ट पहिल्याच दिवशी घडली होती. साहेबांनी हजेरीचा कागद घेऊन एकेकाला नावानं हाक मारली. मला म्हणाले, "पातिरु-सान." मला काही वाटलं नाही. पाटलाला कुणी मान दिला यात नवल ते काय! मग म्हणाले, "कांबुरे-सान." सुगतच्या हातातलं फावडं हळूच जमिनीला टेकलं. आमच्याकडे नवा माणूस भेटला की "पावणं, कुठलं?" होतं, त्यामागून आडनाव विचारलं जातं, आणि सुगतनं आडनाव सांगितलं की एक लहानशी शांतता व्हायची. "बरं बरं" व्हायचं. त्याचे वडील त्याच फौंड्रीत कास्टिंग घासायच्या कामावर होते. ज्यांना त्यांनी कडेवर बसून फिरताना बघितलेलं असली पोरं सुपरवायझर झाली तरी त्यांना "ए कांबळ्या" म्हणायची. त्या आडनावामागं मानाचं "सान" लागलेलं सुगतनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला हे कळायला काही वर्षं लागली. तेव्हा मी एवढंच विचारलं, "काय रं, इंचू चावला काय?"

तो म्हणाला, "पाटला, ह्या माणसाच्या मुलखात कामाला जायाचं. तितं समदी अशीच हाक मारत असतील."

दुसऱ्या दिवशी त्यानं नियम काढला. गेटच्या आत आपण दोघांनी एकमेकांशी मराठी बोलायची नाही. ज्याच्या तोंडून मराठी निघेल त्यानं दुपारी दुसऱ्याचा जेवणाचा डबा धुवायचा. मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं आणि तासाभरात बुटात ठिणगी पडल्यावर अस्सल कोल्हापुरीत आईची आठवण काढली. दुपारी सुगतनं आपला तीन पुडांचा स्टीलचा डबा माझ्यापुढं सरकवला. आता खरं तेच सांगतो. सगळे जिथं हात धुतात त्या पुढच्या नळावर मी गेलो नाही. वाळूच्या ढिगामागं, कंप्रेसरजवळ एक नळ होता, तिकडे गेलो. का गेलो, हे मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. तिकडे पाण्याला जोर असतो, असलं काहीतरी मनात म्हणालो. सुगतनं बघितलं. दुसऱ्या दिवशी मात्र मोडक्यातोडक्या जपानीत त्यानं नियमाला शेपूट जोडलं: "नळ. पुढचा."

त्यानंतर जवळजवळ रोज मी पुढच्या नळावर उभा राहून सुगत कांबळेचा डबा धुतला. त्याच्या तोंडून मराठी निघायचीच नाही, आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही. सुरुवातीला मागून आवाज यायचे, "पाटील, काय ही येळ आली म्हणायची!" मी म्हणायचो, "शिकवणीची फी हाय बाबा." हसणं व्हायचं. पुढं लोक कंटाळले. ही बातमी आमच्या आईपर्यंत पोचली. तिनं विचारलं, "लोकाची भांडी घासतोस म्हणं कारखान्यात?" मी मान खाली घालून हो म्हटलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि ती म्हणाली, "मग घरातली बी घास की." तेव्हापासून आमच्या घरी तो रिवाज पडला तो आजतागायत आहे. धुतलेला डबा सुगत उन्हात धरायचा, कडेवरून बोट फिरवायचा, आणि जरा तेलकट लागलं की साहेबांचा आवाज काढून म्हणायचा, "मो इक्काई."

भाषा त्याला अशी चढत गेली की बघत राहावं. रविवारी तो साहेबांना घेऊन मंगळवार पेठेत बाजाराला जायचा आणि भाजीचा भावसुद्धा जपानीत करायचा. तिथली एक मावशी साहेबांना बघून आपणहून "ताकाई, ताकाई" म्हणायला लागली, म्हणजे महाग आहे, घेऊ नका! माझं जपानी मात्र जत्रेतल्या पोपटासारखं. शब्द थोडे, ऐट फार. त्या ऐटीनंच घात केला. साहेब एकदा सुट्टीवरून येताना मिठाई घेऊन आले आणि देताना म्हणाले, अगदीच टाकाऊ वस्तू आहे, माफ करा. मिठाई तर उत्तम होती. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की बाहेरच्या माणसापुढं आपली वस्तू, आपली बायको, आपला मुलगा, कुणाचीही स्तुती करायची नाही, कमीच सांगायचं, ती त्यांची रीत. मी ती रीत मनात जपून ठेवली. अर्धी शिकलेली रीत अर्ध्या शिजलेल्या भातासारखी असते, गिळताना काही वाटत नाही.

दोन वर्षं होत आली आणि साहेबांच्या कंपनीची दोन माणसं कोल्हापूरला आली. तिकडच्या फौंड्रीत तीन वर्षं कामाला एक माणूस न्यायचा होता. एकच. सुगतनं आदल्या दिवशी केस कापून घेतले, वडिलांचा एकुलता एक चांगला शर्ट घातला. जागा त्याचीच होती. मलाही तसंच वाटत होतं, आणि देवाशपथ सांगतो, मला वाईट वाटत नव्हतं. मी आपला हौसेखातर बसलो होतो. आत एकेकाला बोलावलं; साहेब आमचे शिक्षक, म्हणून निवडीत त्यांना विचारायचं नव्हतं. मला शेवटचा प्रश्न विचारला, "तुमचे सहकारी कांबळे-सान कसे आहेत?" मला वाटलं, हीच वेळ. आपल्याला यांच्या चालीरीती किती खोलवर ठाऊक आहेत हे दाखवून द्यावं, म्हणजे साहेबांचं आणि सुगतचंही नाव निघेल. सुगत म्हणजे माझा माणूस, आणि आपल्या माणसाची स्तुती करायची नसते. मी कमरेत वाकलो आणि म्हणालो, "काही विशेष नाही. हात जड आहे. डोकं मंद आहे. वेळेवर येत नाही. मी बरोबर असतो म्हणून कसंबसं निभतं." प्रत्येक वाक्यागणिक आणखी थोडा वाकलो. समोरचा माणूस शांतपणे कागदावर लिहीत होता. मला वाटलं, माझी नम्रता लिहून घेतोय.

माझ्याबद्दल सुगतला विचारलं तेव्हा त्यानं साधं उत्तर दिलं, असं पुढं कळलं: "चुका फार करतो. पण चूक झाली की स्वतः हाक मारून दाखवतो."

निवड माझी झाली. मला फेटा बांधला, पेढे वाटले, आमच्या गल्लीत "पाटलाचं पोरगं फाडफाड जपानी बोलतंय" म्हणून गवगवा झाला आणि लाज वाटायच्या ऐवजी मला तो थोडा थोडा पटायला लागला. स्टेशनवर सुगत पोचवायला आला. त्यानं जपानीत, शांतपणे, तब्येत सांभाळा म्हणून सांगितलं. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणालो, "येतो रं, सुगत." गाडी हलली. खिडकीशी चालत येत तो एकच शब्द बोलला, "डबा."

तिकडे पोचल्यावर तिसऱ्या महिन्यात माझी माझ्याच शब्दांशी गाठ पडली. कंपनीत माणसांचं बघणारे साइतो-सान म्हणून अधिकारी होते, मुलाखतीला आलेल्या दोघांपैकी एक. त्यांनी मला प्रेमानं सांगितलं, तुम्ही त्या मित्राबद्दल वेळीच स्पष्ट बोललात ते बरं झालं, आमचा चुकीचा माणूस आला असता. सगळे शब्द मला कळले नाहीत, पण कळायचं तेवढं कळलं. हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही चुकताय, तो नम्रपणा होता, असं सांगायला मी तोंड उघडलं... आणि तोंडात काही नव्हतंच. साचा, वाळू, अबुनाई, दामे, एवढ्या भांडवलावर माणूस लोखंड ओतू शकतो, बोललेलं परत घेऊ शकत नाही.

लोक पोटासाठी भाषा शिकतात. मी एक वाक्य मागं घ्यायला शिकलो. वसतिगृहात खोलीत बसवायचं नाही. सुट्टीच्या दिवशी नदीकाठानं चालत मोठ्यानं वाक्यं जुळवायचो. कुत्री फिरवायला आलेल्या बायका रस्ता बदलायच्या. जेवणघरात, भट्टीपुढं, न्हाणीघरात, जो भेटेल त्याच्याशी बोलायचो, ऐकायचो, चुकायचो. दर महिन्याला साइतो-सानच्या टेबलापुढं जाऊन उभा राहायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा तो घाम बघून त्यांना वाटलं, मला घरची आठवण येतेय. त्यांनी दोन दिवस सुट्टी दिली. पुढं एकदा असं सांगितलं की त्यांची समजूत झाली, तो कांबळे मला पत्रं लिहून त्रास देतोय. पत्रं खरंच येत होती, जपानीत, वळणदार अक्षरात, मी कंटाळून मराठीत उत्तर पाठवलं की पुढच्या पत्रात फक्त एक शब्द असायचा, "डबा." त्या अक्षराकडे बघवायचं नाही. हा माणूस कोल्हापुरात बसून माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होता, आणि त्याच्या जागेवर मी बसलो होतो. पत्रात खरं काय ते लिहावं असं शंभरदा मनात आलं. लिहिलं नाही. अंतर फार होतं, असं म्हणू. मी भित्रा होतो, असंही म्हणू.

चौदा महिने लागले. चौदाव्या महिन्यात एका दुपारी मी सगळं नीट सांगितलं: आमची रीत, तुमची रीत, माझा मूर्खपणा. साइतो-साननी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांच्याबद्दल बोललात तो शिष्टाचार होता, आणि ते तुमच्याबद्दल बोलले ते खरं होतं?"

"हो."

"मग आम्ही चुकीचा माणूस आणला."

"हो," मी म्हणालो. तिकडच्या तीन वर्षांत एवढा स्वच्छ उच्चार माझ्या तोंडून दुसऱ्या कुठल्याच शब्दाचा झाला नाही. त्यांनी कपाटातून तो कागद काढला, त्यावर काही लिहिलं आणि सांगितलं, यंदा नाही, पुढच्या तुकडीला बघू.

पुढची तुकडी मी परत आल्यावर वर्षानं निघाली. म्हणजे चार वर्षं गेली सुगतची. दरम्यान त्याचे वडील वारले, अखेरपर्यंत त्याच कारखान्यात, तीच हाक ऐकत राबून. सुगत गेला आणि त्यानं तिकडं सहा वर्षं काढली. शेवटी तो एका लाइनचा मुख्य होता. तिकडची पोरं त्याला लांबून ओरडून हाक मारायची, पूर्ण आडनावानं, मागं "सान" लावून. परत येऊन त्यानं कळंब्याला दोन खोल्या बांधल्या. खिडकीतून तुरुंगाची भिंत दिसते. "शेजार झकास हाय," म्हणायचा, "कोण उगंच येत न्हाई आन उगंच जात न्हाई." आमचा नियम गेटच्या बाहेरही चालू राहिला. रविवारी तळ्याकाठी आम्ही दोघं जपानीत वाद घालत चाललो की पोहायला आलेली माणसं थांबून बघायची. तो मराठी बोलायचा ती वहिनींशी आणि बाकीच्या जगाशी. आणि मी दर रविवारी ठरवायचो, आज सांगायचं. आज नको, पुढच्या रविवारी.

मग त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि पुढचे रविवार किती उरलेत हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. शेवटच्या भेटीला मी दुपारी गेलो. वहिनींनी पेज दिली होती, तीही त्याच जुन्या, पोचे पडलेल्या डब्यात. "ताटात खाल्लं की आजारी असल्यागत वाटतंय त्यांना," वहिनी म्हणाल्या, "डब्यात खाल्लं की म्हणत्यात ड्युटीवर हाय." मी खुर्ची ओढली आणि बोलायला लागलो, जपानीत, ते चौदा महिने घोटलेलं वाक्य. अगदी सुरेख आलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि मध्येच हात वर केला.

"मराठीत सांग."

इतक्या वर्षांत तो हे पहिल्यांदाच म्हणाला. मी म्हणालो, "आं?"

"मराठीत सांग, पाटला. तिकडच्या भाषेत माफी मागाय तुला लय सोपं जातंय."

आणि मला येईना. जन्मापासून बोलतोय ती भाषा, एक शब्द धड जुळेना. "सुगत, त्या मुलाखतीत... मी तुला मंद म्हटलं रं. आळशी म्हटलं. तुझी चार वर्सं माझ्यामुळं..."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"गेल्या गेल्या. साइतो-साननं पयल्याच आठवड्यात सांगितलं. तुमचा पाटील दर महिन्याला येऊन वाकत हुता म्हणं हितं." त्याला हसू आलं, पोट धरून तो थांबला. "नम्र व्हाया गेलास, भावा! कोल्हापूरचं माणूस, वर पाटील, आन नम्र! त्यांनी कसा इश्वास ठिवायचा?"

"राग न्हाई आला?"

"आला की. लय आला." तो भिंतीकडे तोंड करून बोलत राहिला. "बापाला तितं बोलावून एकदा लाइनवर उभा करणार हुतो. माझ्या नावानं मला हाक मारत्यात ती त्यानं ऐकावी म्हणून... त्ये ऱ्हायलंच. पर तो गेला तवा त्याच्या उशाला मी हुतो. तू गडबड केली नसतीस तर नसतो." मग माझ्याकडे वळला. "कशाचं वजा कशातनं करायचं, मला न्हाई कळत. तुला कळतंय काय?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग मोकळा डबा बघत काय बसलाईस? मराठी बोललास. धू."

फसवून, शेवटचं फसवून, मला मराठीत घसरवलं होतं त्यानं. आधी तो स्वतःच मराठी बोलला होता, हे मला नळावर पोचल्यावर सुचलं. दारापुढच्या नळावर मी डबा धुतला आणि आणून दिला. त्यानं कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मो इक्काई." मी पुन्हा धुऊन आणला तोवर त्याला झोप लागली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना होऊन सगळे गेल्यावर वहिनींनी माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं. "ह्यांनी सांगून ठिवलतं, भावजी. शेवटची पेज खाल्ली की डबा पाटलाला द्यायचा, आन धुवायचा न्हाई, तसाच द्यायचा." मी घरी आणला. तेव्हापासून तो ओट्याच्या कोपऱ्यात आहे, तळाला पेज वाळून चिकटलेली. बायको रोज म्हणते, मुंग्या लागल्यात, द्या इकडं, मी घासते. मी देत नाही. स्वतः हात लावायला जातो आणि चपला घालून तळ्याकडे निघतो. धुतला की तपासायला कोण, हे सुचत नाही... आणि न धुता ठेवला तर नियम मोडतो.

आज मात्र पळवाट उरलेली नाही. त्याच्याशीच बोलतोय असं समजून मी हे सगळं लिहिलं, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, मराठीत. आमच्या अंगणात रस्त्याच्या बाजूला एक नळ आहे, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसतो. उठतो. एकदा धुऊन निघणार नाही, हे ठाऊक आहे.